मातीत न विरलेली पट्टी

तीस वर्षं माझी नोकरी दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याची होती. अंबडच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून उतरलेला शाफ्ट माझ्या टेबलावर यायचा, मी तो पुसायचो, मायक्रोमीटरमध्ये धरायचो आणि माप बसलं नाही तर लाल खडूने फुली मारायचो. फुली मारलेला माल नंतर पास केल्याचं मला आठवत नाही. ऑपरेटर लोक विनवायचे, चिडायचे, माझ्या पाठीमागे बोटं मोडायचे. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. निरोपाच्या समारंभात साहेब भाषणात म्हणाले, या माणसाने ‘चालेल’ हा शब्द कधी वापरला नाही. पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको शेजारच्या बाईंना म्हणाली, “घरीही नाही.”

निवृत्तीनंतर हुद्दा जातो, नजर जात नाही. भाजीवाल्याचा काटा, दुधाचं माप, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळं मी तपासत असे. अशात आमची एकुलती एक मुलगी नोकरी सोडून घरी आली.

तिने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि परगावी एका औषधांच्या कारखान्यात चांगल्या जागेवर होती. दिवाळीला आली ती सगळं सामान घेऊनच. कारण विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. कंटाळा आला म्हणून कोणी बसलेली घडी मोडतं, हे काही माझ्या गळी उतरेना. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी बायकोला म्हटलं.

“तुम्हाला कोरड्या भिंतीलाही ओल दिसते,” ती म्हणाली.

चार दिवसांनी जेवताना मुलीने सांगून टाकलं, की ती आता स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून प्लॅस्टिक बनवणार आहे.

“म्हणजे कचऱ्यातलं प्लॅस्टिक वेगळं काढणार?”

“नाही बाबा. कचऱ्याचंच प्लॅस्टिक. बटाट्याच्या साली, शिळा भात, चहाचा चोथा, याचं.”

मी पानातल्या भाताकडे बघितलं. तिने मग सगळं समजावून सांगितलं. ओला कचरा हवाबंद ड्रममध्ये कुजवायचा. त्याचं आंबट पाणी होतं. ते पाणी दुसऱ्या टाकीत वेगळ्या जातीच्या जिवाणूंना खायला घालायचं. खायला भरपूर द्यायचं, पण वाढायला लागणारी एक गोष्ट मुद्दाम तोडायची. मग ते जिवाणू वाढत नाहीत, पुढच्या दिवसांची बेगमी म्हणून खाल्लेलं अंगात साठवून ठेवतात, आपल्याला चरबी चढते तसं. ते साठवलेलं काढून घेतलं की पांढरी भुकटी मिळते. ती वितळवली की प्लॅस्टिक. हवेत वर्षभर टिकतं आणि मातीत गेलं की काही महिन्यांत विरून जातं.

इथे मी तिला पकडलं. “प्लॅस्टिकला कसं कळणार, की आपण आता मातीत आलो?”

“प्लॅस्टिकला नाही कळत. मातीतल्या जिवाणूंना कळतं. ते त्याच्यावर बसतात आणि त्याला खातात.”

उत्तर चोख होतं. इतकं चोख, की मला ते पाठ केलेलं वाटलं. माल बिघडवलेल्या ऑपरेटरची उत्तरं अशीच गुळगुळीत असायची.

एका संस्थेने तिला अंबडला पत्र्याची एक शेड वर्षभर वापरायला दिली होती. अट एकच. पुढच्या दिवाळीच्या आत तिचं प्लॅस्टिक कोणीतरी खऱ्या कामाला वापरलेलं दाखवायचं. दाखवलं तर शेड पुढेही तिच्याकडे. नाही दाखवलं तर ड्रम उचलायचे आणि पुन्हा कुठेतरी नोकरी शोधायची.

तिने आमच्या सोसायटीत घरोघरी हिरव्या झाकणाच्या बादल्या दिल्या आणि रोज सकाळी स्वतः त्या गोळा करू लागली. लोक आधी हसले, मग बिचकले. आपल्या घरात काय शिजलं हे आपली बादली शेजाऱ्याला सांगते, हे सगळ्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. श्रावणात एका घरातून अंड्यांची टरफलं वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून येत. एक बाई भाजीची देठं धुऊन, निथळून द्यायच्या, घरातला पसारा मोलकरीण यायच्या आत आवरतात तशा. तळमजल्यावरचे काका मला जिन्यात अडवून म्हणाले, “तुमची मुलगी आमच्या कचऱ्यात नेमकं शोधते तरी काय?” मी म्हटलं, मलाही तेच कळायचंय. ते मी गमतीने म्हटलं नव्हतं.

तीन दिवस मी शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र आडवं धरून बसलो. कोणी भागीदार आहे का, कोणाची गाडी येते का, हे बघायला. आत मुलगी जायची, बाहेर मुलगी यायची. मधल्या वेळात पंपाचा आवाज आणि शिरक्याचा आंबट वास. तिसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून आली, माझ्याच बाकावर बसली आणि म्हणाली, “बाबा, आत खुर्ची आहे. इथे ऊन लागतं.” मी म्हटलं, इकडे एका जुन्या मित्राकडे आलो होतो. तिने त्या मित्राचं नाव विचारलं नाही.

मे महिन्यात तिच्या हातात पहिल्या पट्ट्या आल्या. बोटाच्या पेरापेक्षा कमी रुंद, मळकट पांढऱ्या, वाकवल्या तर वाकणाऱ्या. नेमका त्याच आठवड्यात माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, आला. त्याची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. बागेत वेलींच्या काड्या तारेला बांधाव्या लागतात. बांधायला प्लॅस्टिकची सुतळी वापरतात. छाटणी झाली की तिचे तुकडे खाली पडतात आणि मातीत तसेच राहतात. मामाने पट्टी ओढून पाहिली, गाठ मारून पाहिली, दातांनीही तोडून पाहिली.

“पोरी, हे लय कामाचं हाय,” तो म्हणाला. “आमच्या बागेत नांगर घातला की मातीपेक्षा सुतळीच जास्त वर येती. ऑक्टोबर छाटणीला मी बांधतो ना दोन एकर. माझं बघून आमच्या शेतकरी गटातली माणसं पण घेतील.”

मुलीने त्याला वाकून नमस्कार केला. एरवी तिला नमस्कार करायला सांगावं लागतं. तिचं सगळं आता त्या दोन एकरांवर होतं, हे आम्हा तिघांनाही कळलं.

मला मात्र राहवेना. मातीत विरतं हे तिने सांगितलं होतं, आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. मामा घरचा माणूस. उद्या पट्टी मातीत जशीच्या तशी निघाली तर तो चार लोकांत तोंडघशी पडेल आणि दोष माझ्या घराला लागेल. जून सरता सरता मी मुलीच्या टेबलावरची एक पट्टी न विचारता उचलली. गॅलरीत मोगरा वाळून गेलेली एक कुंडी होती, तीत पुरली. एक वही केली. तारीख, जाडी, शेरा.

दर रविवारी सकाळी मुलगी शेडवर गेली की मी पट्टी उकरायचो. पद्धतशीर काम. आधी पाण्याने माती धुवायची, मग चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून पट्टी दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसायची, कठड्यावर उन्हात वाळवायची आणि मग मायक्रोमीटर लावायचा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली. मातीचा एक कण राहिला तरी माप फसतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. माप घेऊन झालं की पट्टी पुन्हा कुंडीत.

पहिल्या रविवारी फरक नाही. चौथ्या रविवारी फरक नाही. आठव्या रविवारी मी मायक्रोमीटरच तपासून घेतला, तो बरोबर होता. बाराव्या रविवारीही पट्टी पहिल्या दिवशीइतकीच जाड होती, उलट पुसून पुसून जास्त चकचकीत झाली होती. शेऱ्याच्या रकान्यात बारा वेळा एकच शेरा होता. त्या वहीकडे बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

गणपती उठल्यावर मामा भाजी घेऊन आला. मुलगी शेडवर होती, बायको आत चहा टाकत होती. त्याने मला खुणेने गॅलरीत बोलावलं.

“दाजी, एक विचारू? रागावू नका. ती पट्टी खरंच मातीत जिरती का? गटातली माणसं लय खोदून विचारतात. छाटणी तोंडावर आली. ती बी मातीत तशीच राह्यली, तर मंग आधीच्या सुतळीनं काय घोडं मारलं होतं? तुम्ही जन्मभर माल तपासला. तुम्ही म्हणाल ते खरं.”

सांगावं की नको, असं मला क्षणभरही वाटलं नाही. आता लिहिताना त्याचीच लाज वाटते. मी त्याला कुंडी दाखवली, वही दाखवली. त्याने बाराही ओळींवरून बोट फिरवलं.

“पोरीला सांगितलं?”

“नाही. तिला वाईट वाटेल.”

“मंग मी बी काय बोलत नाय,” तो म्हणाला. चहा न घेताच गेला. बायको म्हणाली, “याला कसली एवढी घाई?”

दोन दिवसांनी त्याने मुलीला फोन केला. या वर्षी नको पोरी, पुढच्या वर्षी बघू. कारण विचारलं तर गट नको म्हणतो, एवढंच. तिने फोन ठेवला आणि दाराशी भरून ठेवलेल्या पट्ट्यांच्या पोत्याकडे बघत उभी राहिली. पुढचा आठवडा तिने स्वतःचीच चूक शोधण्यात घालवला. पट्टी उन्हात ठिसूळ होते का, गाठ सुटते का, रंग आवडला नसेल का. मी समोर बसून तिला म्हटलं, “शेतकरी माणूस आहे, नव्या गोष्टीला घाबरला असेल.” हे मी कोणत्या जिभेने म्हटलं मला माहीत नाही.

बायकोने एकदा सरळ विचारलं, “तुम्ही काही बोललात का त्याला?”

“मी कशाला बोलू?”

ती माझ्याकडे बघत राहिली. शंकेची पाल चुकचुकायचं काम आमच्या घरात आजवर माझ्याकडे होतं. आता ते तिने घेतलं होतं.

मुलगी दिंडोरीच्या एका बागायतदाराकडे जायला निघाली, तेव्हा मात्र मला गप्प बसवेना. आणखी एका परक्या माणसापुढे तिची फजिती होणार आणि बाप असून मी बघत बसणार, असं मला वाटलं. मी कपाटातून वही काढली आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

“जाऊ नकोस. तुझी पट्टी विरत नाही. बारा रविवार मी माप घेतलंय.”

तिने वही उघडली. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, खरोखरची भीती. तिने तारखा वाचल्या, मापं वाचली. मग मान वर केली.

“इतकी बारीक मापं मातीतल्या पट्टीवर कशी घेतलीत?”

“पुसून घ्यायचो आधी.”

“कशाने?”

“स्पिरिटने. दुसऱ्या कशाने माती निघत नाही. मग उन्हात वाळवून.”

“दर आठवड्याला?”

“दर रविवारी. एकही चुकवला नाही.”

तिने वही मिटली. मग अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, “बाबा, पट्टी मातीत आपोआप विरत नाही. जिवाणू विरवतात. त्यांना तिच्यावर बसायला, तिथे वस्ती करायला काही आठवडे लागतात. ते बसायला लागले की तुम्ही त्यांना स्पिरिटने पुसून काढत होतात. बारा वेळा.”

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी होती. तिने विचारलं, “आणि हे माझ्या भावाला दाखवलंत?” मी होय म्हणून मान हलवली.

मुलगी मला स्कूटरवर मागे बसवून शेडवर घेऊन गेली. मागच्या भिंतीला तिच्या कुंड्या होत्या, प्रत्येकीत पट्ट्या पुरलेल्या. मे महिन्यातली एक कुंडी तिने माझ्यासमोर उलटी केली. पट्टी सापडलीच नाही, बोटाच्या नखाएवढे तीन भुसभुशीत तुकडे मिळाले. जूनमधली निघाली, तिला कीड लागलेल्या पानासारखी भोकं होती. मी तिला मायक्रोमीटर लावायला गेलो नाही. लावला असता तर तिचा चुराच झाला असता.

“तपासलंत त्याचं काही नाही,” मुलगी म्हणाली. “मीच तुम्हाला दहा पट्ट्या दिल्या असत्या. मला एकदा विचारायचं तरी होतं.”

“तू तुझ्या सोयीचं सांगितलं असतंस, असं वाटलं.”

हे खरं होतं म्हणून मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पंपाकडे वळली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. माझं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बसने पिंपळगावला गेलो. खिशात काडेपेटी, काडेपेटीत ती भोकं पडलेली पट्टी. बागेत छाटणी उरकली होती आणि बांधणी सुरू होती. बायका झपाझप काड्या तारेला बांधत होत्या, निळ्या सुतळीने. मामा आणि गटातले दोघं पंपाच्या खोलीशी बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, माझं चुकलं. पट्टी विरते. मीच ती स्पिरिटने पुसत होतो म्हणून विरली नाही. तीस वर्षांत असं वाक्य मी बोललो नव्हतो, त्यामुळे ते मला नीट जमलं नसावं.

मामाने मला बसायला जागा करून दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला. काडेपेटीतली पट्टी हातावर घेऊन बघितली.

“ही कुजलेली हाय, खरं हे. पण दाजी, ही तीच पट्टी कशावरून?”

हा प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारत आलो होतो. त्याला उत्तर नसतं हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मी स्वतः कुंडीतून काढली.

“तुम्ही काढली असंल. पण तुम्ही बाप हाय,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, माया होती, आणि त्यामुळेच ते ऐकवेना. “पोरगी रडली असंल. ताई बी बोलली असंल. आम्हाला कळतं ना. तवा तुम्ही नाय म्हणाला ते आम्ही मानलं, कारण सख्खा बाप पोरीच्या मालाला उगाच नाव ठेवत नाय. आता तुम्ही हाय म्हणता. ते तर कोणताबी बाप म्हणंल.”

गटातले दोघं जमिनीकडे बघत होते. मी दोनच ओळी बांधून बघायला सांगितलं. मग एकच ओळ. तो म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी शेड नसणार, हे त्याला माहीत होतं. तरीही त्याने मला फाट्यापर्यंत सोडलं आणि बस येईपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला.

घरी आलो तेव्हा मुलगी जेवत होती. “काय म्हणाले मामा?” तिने विचारलं. मी एक शब्दही न गाळता सगळं सांगितलं. तिने घास संपवला.

“त्यांच्या जागी तुम्ही असतात तर?”

होय, मी विश्वास ठेवला असता, असं म्हणायची फार इच्छा झाली. पण तिच्याशी खोटं बोलून एकदा झालं होतं.

“मीही मानलं नसतं,” मी म्हटलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली आणि पान उचलून आत गेली. दिंडोरीच्या बागायतदाराकडे ती दुसऱ्या दिवशी गेली, पण त्याची बांधणी तोवर झाली होती.

दिवाळीनंतर शेड रिकामी केली. ड्रम टेंपोत चढवायला मी गेलो होतो, तिने मला नको म्हटलं नाही. आता ती पुन्हा परगावी आहे, कुठल्याशा औषधांच्याच कारखान्यात. आईशी तासभर बोलते. मग फोन माझ्याकडे येतो. मी विचारतो, काम कसं चाललंय. ती म्हणते, छान चाललंय बाबा. आवाजावरून मला वाटतं, छान चाललेलं नाही. पण खोदून विचारायला मला आता तोंड राहिलेलं नाही. मी बरं म्हणतो आणि फोन तिच्या आईकडे देतो.